महिनाभराच्या सकाळी

आमच्या ह्यांना इमारतीत सगळे ‘हालचाल’ म्हणतात. तोंडावर ‘साहेब’, पाठ वळली की ‘हालचाल’. कारण ह्यांचा प्रत्येक व्हिडिओ एकाच वाक्याने संपतो. कॅमेऱ्याकडे बोट रोखायचं, एक भुवई वर चढवायची आणि म्हणायचं, "तर मित्रांनो, हालचाल ठेवा!" जगाला हालचाल ठेवायला सांगणारा हा माणूस घरी सोफ्यावर आडवा पडून, हाताच्या अंतरावरचा रिमोट मागायला मला स्वयंपाकघरातून बोलावतो. हे मी आता हसत सांगते. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हे मार्केटिंगमध्ये आहेत. एका छोट्या कंपनीचे चालायचे बूट विकतात. कंपनी म्हणजे खाली एक मोठा हॉल, तिथे शिलाईची यंत्रं, चामड्याचे तुकडे आणि डोकं उठवणारा डिंकाचा वास. वर लोखंडी जिना चढून एक खोली, तिथे मालक आणि आमचे हे. मालक बूट बनवतात आणि हे बुटांबद्दल बोलतात. बनवायला वेळ लागतो, बोलायला लागत नाही, त्यामुळे हे कायम मालकांच्या चार पावलं पुढे असतात.

"माल विकायचा नसतो गं, माणूस जोडायचा असतो," हे ह्यांचं आवडतं वाक्य. आणि माणसं जोडण्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही. कुठल्या दुकानदाराच्या मुलीच्या दातांना तारा लावल्यात, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न मोडलं, कुणाच्या मावशीला दमा आहे, सगळं तोंडपाठ. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मात्र हे कुठे होते? तर एका दुकानदाराच्या सासूला बघायला दुसऱ्याच हॉस्पिटलात, फळं घेऊन.

"अगं, नातं जपावं लागतं," म्हणाले.

"आणि आमचं काय? ते काय आपोआप टिकतं?"

"तुझी आई काय, घरचीच आहे."

घरचं माणूस असणं हा माझ्या आईचा गुन्हाच होता म्हणायचा.

मोठ्या जाहिराती कंपनीला परवडत नव्हत्या. म्हणून ह्यांच्या डोक्यात आलं की आपणच जाहिरात व्हायचं. रोज उजाडता उजाडता एक व्हिडिओ टाकायचा. हे धावतायत, हे पाय ताणतायत, हे हिरवा रस पितायत, पायात अर्थातच कंपनीचे बूट. कल्पना वाईट नव्हती. फक्त एक बारीकशी अडचण होती, ती म्हणजे उजाडता उजाडता उठावं लागतं. आमचे हे लग्नानंतर एकदाच लवकर उठले होते, तेही गादीला ढेकूण झाले म्हणून.

मग त्यावर तोडगा निघाला. महिन्यातल्या एका रविवारी, भरपेट जेवण झाल्यावर, दुपारी गच्चीवर जायचं आणि महिनाभराच्या सगळ्या सकाळी एका दमात काढून ठेवायच्या. नंतर त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रांगेत लावल्या की रोज ठरल्या वेळी एकेक आपोआप सुटते. सकाळी ह्यांचा फोन टिंग वाजायचा, म्हणजे तिकडे हे धावायला लागले. इकडे त्या आवाजाने हे कूस बदलायचे.

शूटिंगचा रविवार म्हणजे माझी परीक्षा. गच्चीवर दोरी बांधून तिच्यावर ह्यांचे टी-शर्ट लावायचे, कारण रोज कपडे वेगळे दिसले पाहिजेत. लिफ्टच्या खोलीत जाऊन हे शर्ट बदलायचे, बाहेर यायचे, धावायचे, परत आत. दुपारच्या उन्हाची पहाट करायची जबाबदारी माझी. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा बसवते. तिथली एक निळसर काच फोनसमोर धरली की भर दुपारी अशी छान पहाट व्हायची की काही विचारू नका. कुंड्यांना पाणी मारायची पिचकारी घेऊन मी ह्यांच्या कपाळावर, मानेवर, शर्टाच्या पाठीवर घाम फवारायची. पालकाचा रस एकदाच करायचा आणि तोच ग्लास अख्खी दुपार ओठांना लावायचा. प्यायचे मात्र नाहीत. शेवटी मी तो कुंडीत ओतायची. आमच्या गच्चीवरचा गुलाब काय तरारला होता त्या वर्षी!

आणि धावणं? टाकीपासून कठड्यापर्यंत. फ्रेमच्या बाहेर गेले रे गेले की हे कठड्याला टेकून उभे. "झालं ना गं? आलं ना?" वर पुन्हा, "धाप जरा जास्त वाटली का? पुढच्यात कमी टाकतो."

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही कशाला हातभार लावत होता? अहो, नवऱ्याला महिन्यातून एक दुपार तरी गच्चीवर चढलेलं पाहायला मिळत होतं, तेवढंच माझं समाधान. कारण माझी भीती वेगळीच होती. माझे सासरे ह्यांच्याच वयाचे असताना आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. वर्तमानपत्र हातात तसंच. डॉक्टरांनी ह्यांचं रक्त तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "रोज चाला. गोळ्या देतोय, पण चालणं टाळलंत तर मला काही करता येणार नाही." हे घरी आले, आणि त्या विषयावर व्हिडिओ केला. ‘डॉक्टर काय सांगतात, ऐका!’ लोकांना फार आवडला तो. मी त्यांच्या हातापाया पडले, रडून झालं, अबोला धरून झाला. ह्यांचं एकच, "ही ऑर्डर होऊ दे, मग बघ."

ही ऑर्डर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलची ऑर्डर. तिथल्या सगळ्या नर्सेसना दिवसभर उभं राहावं लागतं, त्यांच्यासाठी एकसारखे पांढरे बूट घ्यायचे होते. ठरवणार होत्या तिथल्या मेट्रन. मालकांनी ह्यांना सांगून ठेवलं होतं, ही ऑर्डर आली तर कंपनी तरेल, नाही आली तर वरची खोली भाड्याने द्यावी लागेल. मालक काय, खाली यंत्रांशेजारीही बसतील. म्हणजे कोणाची खुर्ची जाणार, ते कळायला काही फार अक्कल नको.

मग मेट्रनना ‘जोडणं’ सुरू झालं. हे त्यांना एकदा भेटून आले. त्यांच्या मापाचा एक जोड वापरून पाहायला पाठवला. मेट्रन ह्यांचे व्हिडिओ बघायला लागल्या. आधी नुसतं बघायच्या, मग त्याखाली लिहायला लागल्या, ‘सर, आज मीही चालले.’ मग ‘सर, आज तळ्याला पूर्ण फेरी मारली.’ ‘सर, साखर खाली आली.’ हे सोफ्यावर बटाट्याचे वेफर्स खात ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि त्याच तेलकट बोटाने अंगठा दाखवणारं चित्र पाठवायचे.

"बघितलंस? याला म्हणतात नातं!"

"ती बाई खरंच चालतेय हो," मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"मी तिला चालवतोय," म्हणाले.

तर असाच एक शूटिंगचा रविवार. जेवण अंमळ जास्तच झालेलं. अर्ध्याअधिक सकाळी काढून झाल्या होत्या. हे एक पिवळा टी-शर्ट घालून बाहेर आले, टाकीपासून धावले, कठड्याशी थांबले आणि वाकून उभे राहिले. कपाळावरून धारा लागल्या होत्या. मी निळ्या काचेतून बघत म्हटलं, "वा! आज काय खरं वाटतंय!"

"आता फवारू नकोस गं," म्हणाले.

"मी कुठे फवारलंय?"

मी काच खाली घेतली. काचेतून निळसर दिसत होते म्हणून मला कळलंच नव्हतं. काच नसतानाही हे तसेच दिसत होते. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने दोरीवरचा शर्ट धरलेला. दोरी तुटली आणि पुढच्या महिन्याच्या उरलेल्या सगळ्या सकाळी गच्चीवर पसरल्या.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून हे घामाने निथळत होते, आणि जवळचं हॉस्पिटल कोणतं? तेच. फाटक दिसताच ह्यांनी मान उचलली.

"इथे नको."

"काय?"

"दुसरीकडे न्या. इथे मेट्रन आहेत."

देवाशपथ सांगते, त्या क्षणी ह्यांच्या छातीत कळ नसती तर मी दोन लगावल्या असत्या. शेजारी बिचारे आरशातून माझ्याकडे बघायला लागले, काय करू म्हणून. मी म्हटलं, "गाडी आत घ्या. ह्यांचं काही ऐकू नका."

हृदयाच्या एका नळीत अडथळा होता. तो काढून आत जाळी बसवली. ते चालू असताना मी बाहेरच्या बाकावर बसले होते. कोणीतरी सोबत हवं म्हणून नणंदेला फोन लावला, लागला नाही. तो लागला दुसऱ्या दिवशी सकाळी.

"अगं, दादाला अटॅक आला," मी म्हटलं. "ॲडमिट केलंय."

ती हसली! "वहिनी, सकाळी सकाळी कसली थट्टा गं? आत्ताच तर पाहिलं, दादा कसल्या उड्या मारतोय!"

मी फोन कानावरून काढला आणि ह्यांचा फोन उघडून पाहिला. खरंच की! मागच्या शूटिंगचा साठा अजून संपला नव्हता. लाल टी-शर्टातले हे, निळ्या पहाटेत, टुणटुण उड्या मारत होते. "मित्रांनो, मी कसा ठणठणीत आहे बघा!" काचेच्या पलीकडे हेच नाकात नळी, अंगभर वायरी घेऊन पडले होते, ओठ सुकलेले, दाढी वाढलेली. मला त्या फोनमधल्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. वाटलं, याच्यासाठी माझा माणूस मरायला निघाला होता. मी ओंजळीत तोंड घालून रडले. समोरून जाणाऱ्या बाईला वाटलं मी हसतेय; तिने माझ्या हातातला फोन पाहिला, आणि ‘किती छान विनोदी आहेत हो हे’ म्हणून पुढे गेली.

ज्याला ज्याला कळवलं त्याचं तेच. दुकानदार म्हणाले, ‘वहिनी, ही नवीन जाहिरात का?’ जोडलेल्या इतक्या माणसांपैकी एक माणूस बघायला येईल तर शपथ! येणार तरी का? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हे रोज धावत होते.

मालक तेवढे आले. खुर्चीच्या टोकावर बसले, "आराम करा, आराम करा," म्हणाले, आणि जाताना हळूच, "ते व्हिडिओ मात्र चालू राहू देत हं. ऑर्डरचं याच आठवड्यात ठरणार आहे."

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "ऑफिसात सांगून ते सगळं बंद करा."

"वेडी आहेस का? एकदम बंद केलं तर मेट्रनना शंका येईल."

"येऊ दे."

"ऑर्डर जाईल."

"जाऊ दे ना! तुमची ती ऑर्डर घेऊन मी काय करू? तुमच्या फोटोशेजारी मांडून ठेवू?"

ह्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. पण बंद करा म्हणाले नाहीत. तिथून पुढे आमचं अजबच सुरू झालं. ज्या हॉस्पिटलात जीव वाचला त्याच हॉस्पिटलात लपून राहायचं. वॉर्डात आणल्यावर ह्यांनी एका सिस्टरकडून मास्क मागून घेतला, सर्दी झाली म्हणून. मेट्रनच्या राउंडची वेळ झाली की मला खुर्ची ओढून दाराच्या बाजूला आडोशाला बसायला लावायचे, आणि आपण भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर. मी म्हटलं, "अहो, गाठोडं दिसतंय नुसतं." म्हणाले, "गाठोड्याला कोणी ओळखत नाही."

शेजारच्या बेडवर एक निवृत्त मास्तर होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज कायम फुल्ल. आणि मास्तर कोणाचे भक्त निघावेत? दिवसातून चारदा, खणखणीत, "तर मित्रांनो, हालचाल ठेवा!" शेजारच्या गाठोड्यात आपलं दैवत आहे याचा मास्तरांना पत्ताच नव्हता. दर वेळी ह्या बेडवरची चादर दचकायची.

एका सकाळी मेट्रन राउंडला आल्या आणि नेमका तेव्हाच मास्तरांनी व्हिडिओ लावला. मेट्रन थबकल्या. उंच, सरळ बाई, चेहरा कडक, पण तो आवाज ऐकून चेहरा असा उजळला!

"अहो मास्तर, तुम्हीपण बघता का ह्यांना?"

"रोज! माणूस म्हणजे काय माणूस आहे!"

"मी तर ह्यांच्यामुळे चालायला लागले," मेट्रन म्हणाल्या. मग सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं, "बघा जरा, शिका काहीतरी. या वयात रोज पहाटे धावतात! आणि आपण? थोडं बरं वाटलं की चादर घेऊन पडायचं!"

असं म्हणून त्यांनी आमच्या बेडकडे बोट केलं.

आता ह्यांच्या छातीला ते यंत्र लावलेलं होतं, ठोके मोजणारं. ते एकदम किंचाळायला लागलं. हिरवी रेघ वर काय, खाली काय. मेट्रन धावल्या. मी मध्ये आले, "काही नाही, काही नाही, त्यांना असंच होतं," काय वाट्टेल ते बोलले. त्यांनी मला एका हाताने बाजूला सारलं, चादर खेचली, मास्क ओढला.

खाली आमचे हे. समोर, मास्तरांच्या फोनमध्ये, तेही हेच.

मेट्रननी आधी नाडी पाहिली, हे त्यांचं मोठेपण. यंत्र शांत होईपर्यंत मनगट सोडलं नाही. मग फोनकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, पायथ्याशी अडकवलेला कागद वाचला.

"सर, हा आजचा व्हिडिओ आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, त्याचं असं आहे," ह्यांचं लगेच सुरू. नाकात नळी असली तरी तोंड मोकळं होतं. "ते आधीचं साठवलेलं असतं. तांत्रिक बाब आहे. एरवी माझा रोजचा नेम…"

मेट्रननी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्ही सांगा. हे चालतात का रोज?"

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी विनवत होते. ती ऑर्डर, ती खुर्ची, घराचे हप्ते, सगळं त्या डोळ्यांत होतं, आणि मला ते दिसत नव्हतं असं नाही. ‘हो’ म्हटलं असतं तर मेट्रननी कदाचित मानलंही असतं. म्हटलं असतं, धावणाऱ्या माणसालाही येतो अटॅक. मग ऑर्डर आली असती. हे घरी आले असते, सोफ्यावर पडले असते, आणि एक दिवस वर्तमानपत्र हातात तसंच.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. गच्चीवर, दुपारी, जेवून झाल्यावर. घाम मी फवारते."

मास्तरांना ऐकू गेलं नाही, ते बिचारे विचारत राहिले, "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?"

मेट्रनचा चेहरा पडला. मला वाटलं होतं रागावतील. तसं झालं नाही. शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग इतके महिने मी कोणाबरोबर चालत होते?"

आणि निघून गेल्या.

त्या दिवशी हे माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले, या वेळी लपायला नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. मला वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप काडीचा नव्हता. मास्तरांना सुनेने ओरडून ओरडून सगळी हकिगत सांगितली. दुसऱ्या सकाळी ठरल्या वेळी व्हिडिओ सुटलाच. मास्तरांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि आमच्याकडे वाकून अगदी मनापासून म्हणाले, "साहेब, आज फार छान धावलात हं." हे मेल्याहून मेल्यासारखे झाले. मला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले.

दुपारी मेट्रन आल्या. हातात काही नाही, चेहरा पुन्हा कडक.

"तुमच्या बुटांचं काम मी थांबवलंय," त्यांनी सरळ सांगितलं. "माझ्या मुली दिवसभर पायांवर असतात. ज्याने बूट घालून चालून बघितलं नाही, त्याच्या शब्दावर मी ते त्यांच्या पायांत घालणार नाही. डॉक्टरांनी तुम्हाला आजपासून चालायला सांगितलंय. वहिनी, ह्यांचे बूट घरी असतील ना? घेऊन या. हा कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. मग बोलू."

मी धावत घरी गेले. बूट कपाटात होते, खोक्यात, पातळ कागदात गुंडाळलेले; ॲडमिट केल्यावर ह्यांच्या पायांतून निघालेले मीच घरी आणून सवयीने तसे ठेवले होते. तळ अजून दुकानातल्यासारखे. शूटिंग झालं की हे पुसून ठेवायला लावायचे.

मी ह्यांच्या पायांत बूट घातले, नाड्या बांधल्या. हे उठले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भिंतीचा दांडा. मेट्रन पुढे. निघाली आमची वरात. सिस्टर मंडळी आपापल्या दारांतून बघत होत्या, कारण बातमी एव्हाना सगळ्या मजल्यावर पसरली होती. मास्तरही कुबड्या घेऊन दारापर्यंत आले.

आधी ह्यांचा बाणा होता. मान ताठ, ओठांवर व्हिडिओतलं हसू. पहिल्या खिडकीपर्यंत ते हसू टिकलं. दुसऱ्या खिडकीशी मान खाली आली. पुढे नुसता श्वास ऐकू यायला लागला. मी म्हटलं, "बसायचं का?" तर डोकं हलवलं, नाही. मेट्रन मागे वळून बघत होत्या, पण थांबत नव्हत्या. मला ह्यांच्या दंडातली थरथर कळत होती. जाळी बसवल्यावर डॉक्टरांनी ‘आता धोका नाही’ म्हटलं तेव्हाही माझ्या जिवात जीव आला नव्हता. तो तिथे आला, ह्यांना धापा टाकत, स्वतःच्या पायांनी, फ्रेमच्या कितीतरी पुढे जाताना बघून.

टोकाला एक बाक होता. त्यावर हे धपकन बसले. गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला. मग मला म्हणाले, "अगं, हे एवढं अवघड असतं?"

"असतं," मी म्हटलं.

"आणि मी लोकांना रोज सांगत होतो."

मेट्रन समोर उभ्या होत्या. "बोला सर. कसा आहे बूट?"

आता हा प्रश्न लोकांनी ह्यांना विचारलेला मी शेकडो वेळा ऐकलाय. उत्तर तयार असतं. पिसासारखा हलका, ढगावर चालल्यासारखं वाटतं, पाय आशीर्वाद देतील. ह्यांनी तोंड उघडलं. मिटलं. वाकून नाडी सोडली, बूट काढला आणि मोजा उतरवला. करंगळी लालबुंद झाली होती, बाजूचं कातडं सोललेलं.

"मॅडम, हा बूट चावतो," हे म्हणाले.

मेट्रनना खरं सांगायला मीच सुरुवात केली होती, पण इतकं? मी ह्यांना कोपराने ढोसलं. ह्यांचं लक्षच नव्हतं. बुटात हात घालून चाचपत होते. "आतून इथे जोड आहे. शिवण वर आलीये. ती घासते. मालकांना कोणी सांगितलंच नसणार, कारण सांगणारा मीच."

मेट्रन बाकावर ह्यांच्या शेजारी बसल्या, पाय पुढे घेतला आणि स्वतःच्या बुटाची नाडी सोडली. तोच जोड होता, ह्यांनी पाठवलेला, झिजून मऊ झालेला. मोजा काढला. करंगळीला पट्टी होती. त्यांनी ती अलगद उचलली. खाली कातडं काळं, टणक झालेलं, मध्ये चिरलेलं.

"अहो मॅडम! हे कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीत?" हे कळवळून म्हणाले. अगदी खरं कळवळून. मी ह्यांना ओळखते. "रोज निरोप टाकत होता मला. एवढं एक लिहायचं ना!"

"काय लिहिणार?" मेट्रन म्हणाल्या. "तुम्ही तोच बूट घालून रोज धावत होता. हसत होता. मला वाटलं, दोष माझ्या पायात आहे."

हे त्यांच्या पायाकडे बघत राहिले. मग खालच्या मानेनेच म्हणाले, "पाय चांगला आहे तुमचा. बूट वाईट आहे." आणि फोनसाठी माझ्यापुढे हात केला. मी मालकांचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.